डावा माझा, उजवा पभ्याचा

१२ जानेवारी, रविवार

उजव्यात आज पुन्हा खरखर. सकाळी सरोद लावली. आलाप संपेपर्यंत ठीक होतं. तबला आला अन् उजवा स्पीकर घसा बसलेल्या माणसासारखा बोलायला लागला. आवाज कमी केला, तरी तेच. शेवटी बंद केलं अन् कुकर लावला.

उजवा म्हणजे पभ्याचा. डावा माझा. तसं कुठं लिहिलेलं नाही. नोकरी लागल्या-लागल्या आम्ही दोघांनी ही जोडी अर्धी-अर्धी घेतली, अन् सायकलरिक्षात घरी आणतानाच त्यानं सांगून टाकलं, "सुध्या, उजवा माझा. तू डावखुरा आहे, तू डावा घे." तेव्हा रेल्वेच्या एकाच क्वार्टरात राहायचो, एकाच ऑफिसात समोरासमोर बसायचो. मग त्याचं लग्न झालं. माझं झालं नाही, ते काहून झालं नाही हे इथं लिहायचं नाही. सुनंदावहिनी म्हणाल्या, एवढाली खोकी माझ्या घरात नकोत. म्हणून स्पीकर माझ्याकडे राहिले, अन् पभ्या दर रविवारी त्याचा स्पीकर ऐकायले यायचा.

वहिनी गेल्या. दिवाळीनंतर त्याचा पोरगा नितीन त्याले नोएडाले घेऊन गेला. थोडे दिवस म्हणे.

१४ जानेवारी, मंगळवार

उजवा उघडला. जाळी काढली. मोठ्या पडद्याच्या कडेची फोमची रिंग बोट लावल्याबरोबर चुरली, शिळ्या केकसारखी. स्क्रू काढून तो पडदा, म्हणजे वूफर, बाहेर ओढला, तर मागच्या चुंबकाले ही मोठी काळी मिशी!

सिलतऱ्याच्या कारखान्यांची लोखंडी धूळ. रायपुरातल्या या बीरगांवात राहायचं म्हणजे गच्चीवर काळं, कपड्यांवर काळं, नाकात काळं, हे माहीतच आहे. पण स्पीकरच्या पोटात? फाटलेल्या रिंगमधून आत गेली अन् चुंबकानं धरून ठेवली. डावाही उघडून पाहिला. त्याची रिंग पिचली आहे पण फाटली नाही, अन् मिशी म्हणावी अशी नाही, कोवळी मिसरूड आहे. उजवा खिडकीपाशी असते ना, हिवाळ्यात तिकडूनच वारा येते, म्हणून त्यानं जास्त खाल्ली.

पभ्या असता तर म्हटला असता, "पाहा, सगळं काळं माझ्यावर अन् तू मजेत." खिडकीपासची जागा त्यानंच भांडून घेतली होती, हे मात्र भैताड म्हटला नसता. हसू आलं. मग एकटं हसून राहिलो म्हणून बंद केलं.

१६ जानेवारी, गुरुवार

वूफर पिशवीत घालून पंडरीले गेलो. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रिपेअरवाला आहे, त्याच्याकडे. ऑटोवाल्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "भैया, डीजे का काम करते हो क्या?" म्हटलं, हाव, याच वयात सुरू केलं. त्याले खरं वाटलं की काय कोण जाणे.

रिपेअरवाल्यानं बोटानं पडदा दाबला, कान लावला. "अंकल, रिंग तो लगा दूँगा. पर अंदर कॉइल भी रगड़ खा गई है. दूसरी डालूँगा तो आवाज़ चलेगी, लेकिन दूसरे वाले से मिलेगी नहीं. जोड़ी नहीं रहेगी." अन् मग मोबाईल पाहात पाहात, "नए ले लो ना. अब ये कौन सुनता है."

मी ऐकतो, म्हटलं. पिशवी उचलली. वूफर परत आणून उजव्यात बसवला, जाळी लावली. बाहेरून पाहिलं तर त्याले काही झालं आहे असं वाटत नाही.

१९ जानेवारी, रविवार

फक्त डाव्यावर ऐकलं. उजव्याची वायर काढून ठेवली. जुनी रेकॉर्ड, बाई गाऊन राहिली अन् साथीची सारंगी जवळजवळ गायब. तिची साथ करणारा सारंगीवाला उजवीकडं बसला होता. मधे मधे बाई थांबते, तेव्हा सारंगीनं उत्तर द्यायचं असते. कोणी उत्तरच देत नाही. ती पुन्हा गाते.

अँप्लिफायरवर डावं-उजवं करायचं बटण आहे. मी चहा टाकायले आत गेलो की पभ्या हळूच ते उजवीकडं फिरवून ठेवायचा. मी येऊन बसलो की, "काय बे, बाई तर माझ्याकडे येऊन राहिली. तुझ्यात दम नाही." मी उठून डावीकडं फिरवायचो. आज ते बटण उजवीकडं फिरवलं तर बाईही गायब.

जेवलो नाही नीट.

२१ जानेवारी, मंगळवार

पुतणी प्रीती भिलाईहून आली होती. मोठ्या भावाची पोट्टी, बँकेत आहे. महिन्यातून एखादवेळ डबा घेऊन येते, फ्रिज उघडून नाक मुरडते अन् जाते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, असं तिच्या शाळेपासून चालू आहे.

"काका, ये इतने बड़े डब्बे हटाओ ना. छोटा सा ब्लूटूथ वाला ला दूँगी, किचन में भी ले जा सकते हो."

"मले किचनमध्ये सरोद नाही ऐकायची."

"तो फिर बड़े वाले नए ले लो. पैसे किसके लिए बचा रहे हो?"

म्हटलं, एक स्पीकर माझा नाही, पभ्याचा आहे. त्याले विचारल्याशिवाय कसं काढू? ती हसली. वाईट हसली नाही, लहान पोरांवर हसतात तसं. "काका, वो अंकल अब वापस थोड़ी आएँगे."

तिले म्हटलं, तू डबा ठेव अन् जा, अंधार पडायच्या आत पोच. चांगली पोट्टी आहे, उगाच तोडून बोललो. पण राग आला. राग याचा आला की मले हे कोणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

२५ जानेवारी, शनिवार

शेवटी शोरूममध्ये गेलो. फक्त पाहायले. सोबत माझी एक सीडी नेली.

काचेचं दार, आत एसी, गादीचा सोफा. पोरगा सभ्य होता. त्यानं एक जोडी लावली, अक्रोडी रंगाची, उंच, सडपातळ. माझ्या खोक्यांच्या अर्ध्या रुंदीची.

काय सांगू. ज्या गाण्याचा शब्द न् शब्द पाठ आहे, त्यात बाई सूर लावायच्या आधी श्वास घेते हे मले आजपर्यंत माहीतच नव्हतं! इतकी वर्षं ती श्वास घेत होती अन् आम्ही दोघं भैताड तिकडं लक्षही न देता डावं-उजवं करत बसलो. तंबोऱ्याची तार सुटी सुटी ऐकू आली. अंगावर काटा आला. मले ते स्पीकर हवे आहेत. हवे म्हणजे लहान पोराले पतंग हवा असते तसे हवे आहेत. लपवून काय फायदा.

पोरगा म्हटला, "सर, फैमिली में कितने लोग बैठके सुनेंगे? उस हिसाब से सेट कर देंगे."

म्हटलं, सोचके बताता हूँ. त्यानं तर विचारलं होतं, किती जण ऐकणार.

या रंगाची एवढीच एक जोडी आहे म्हणे, पुढच्या महिनाअखेरपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत बाजूले ठेवतो म्हटला.

२६ जानेवारी, रविवार

पभ्याले फोन करायचा होता. सकाळी नितीनच्या सोसायटीत झेंडावंदन असन म्हणून नाही केला. दुपारी झोपला असन. संध्याकाळी टीव्ही.

खरं हे की भीती वाटून राहिली. "घे की बे, माझं काय विचारतं?" असं म्हटला तर? तर एक स्पीकर गेला, बाकी काही नाही, असं म्हणायचं. पण तसं नाही ते. तो स्पीकर माझ्या घरात त्याचा आहे तोवर त्याले इथं यायचं कारण आहे. मी पूर्ण जोडी माझी एकट्याची घेतली की तो आला तर पाहुणा म्हणून येईन. अन् पाहुणा म्हणून यायले नोएडाहून कोण येते?

२९ जानेवारी, बुधवार

केला फोन.

"जयभीम पभ्या!"

"हां हां, नमस्ते, नमस्ते. बोल."

नमस्ते? जन्मात त्यानं मले नमस्ते म्हटलं नाही. मागं टीव्ही चालू, सून कोणाशी तरी बोलत होती, भांड्यांचा आवाज. मी विचारलं कसा आहे, "बढ़िया, तू बता." थंडी? "अरे बहुत." मी मराठीत विचारून राहिलो, तो हिंदीत सांगून राहिला, जसा तोच प्रीती झाला न् मी काका. आम्ही दोघं आपसात हिंदी बोलायचो ते फक्त साहेबाची नक्कल करायले.

मग सांगून टाकलं. "उजवा गेला बे."

"कौन गया?" एकदम घाबरला.

"कोणी गेलं नाही. उजवा. तुझा स्पीकर."

तेव्हा हसला. पहिल्यासारखा हसला, नाकातून. मी म्हटलं, नवे पाहून आलो, चांगले आहेत, पण तुझं काय म्हणणं आहे? तर म्हणे, "अरे तो अपने स्पीकर बदल डाल यार, कब तक घसीटेगा." अन् लगेच, "चल, खाना लग गया, रखता हूँ."

बस. फोन केला अन् झाला.

३० जानेवारी, गुरुवार

अपने स्पीकर.

अपने म्हणजे कोणाचे?

मराठीत बोलला असता तर प्रश्नच नव्हता. "आपले स्पीकर बदल" म्हटला असता तर दोघांचे. "तुझे स्पीकर बदल" म्हटला असता तर माझे, अन् विषय संपला. जन्मभर तो "आपले स्पीकर" म्हणत आला. ऑफिसातले लोक विचारायचे, रविवारी काय करता? तर म्हणायचा, "आपले स्पीकर ऐकतो." पण ही हिंदी! अपना काम कर म्हणजे तुझं काम कर. अन् चल अपन चलते हैं म्हणजे आपण दोघं. आमच्या रायपुरात तर दिवसभर अपन-अपन चालते. एका शब्दात दोन्ही भरून मोकळे झाले लोक.

सकाळपासून हेच डोक्यात. दूध उतू गेलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेजारचे साहूभैया शाळेत हिंदी शिकवायचे. गेटपाशी गाठलं अन् वाक्य सांगितलं. कोणी म्हटलं, कायले म्हटलं, ते नाही सांगितलं. ते खुश झाले, बऱ्याच दिवसांनी त्यांले कोणी व्याकरण विचारलं असन. चष्मा काढून पुसला.

"देखिए, कर्ता है तू. तो अपने माने तेरे. नियम यही है."

माझं तोंड पडलं असन, कारण लगेच म्हणाले, "लेकिन इधर की बोलचाल में हमारे के लिए भी बोल देते हैं. अपने घर आना, माने हमारे घर." मग विचार करून, "अपने माने अपने. और क्या."

त्यांच्या घरून चहा आला. चहा पिऊन झाला तरी तेच म्हणून राहिले, अपने माने अपने. त्यांच्या बायकोनं आतून छत्तीसगढीत ओरडून विचारलं, काय झालं म्हणून, "का होगे?" तर "कुछु नहीं, व्याकरण हे," म्हणाले.

प्रीतीलेही फोनवर विचारलं. तिनं एका झटक्यात सांगितलं, "आपके. ऑबवियसली." पोट्टीले कोणत्याच गोष्टीत शंका येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

उजवा पुन्हा उघडून चुंबकाच्या काळ्या मिशीचा फोटो काढून पभ्याले पाठवला होता, काल. म्हटलं मिशी पाहून काही तरी बोलन. ऑफिसात त्याची स्वतःची अशीच मिशी होती, रंग लावून काळी केलेली, त्याच्यावर मी किती बोललो आहे.

आज उत्तर आलं. एक अंगठा. फक्त पिवळा अंगठा.

आता अंगठ्याची भाषा कोणती, हे कोणाले विचारू?

९ फेब्रुवारी, रविवार

सर्दी-ताप. अंथरुणातच. घरात आवाज म्हणून काही नाही. कारखान्याची शिफ्ट सुटली तेव्हा सायकली अन् गाड्या गेल्या, मग तेही नाही. डावा एकटा लावावा असं वाटलं नाही.

कोणाशी तरी मराठीत भांडावं असं फार वाटलं. बोलावं असं नाही, भांडावं. "काय बे, औषध घेतलं का?" "नाही घेत जा, तुले काय करायचं?" असं. साहूभैयांनी बायकोच्या हातची खिचडी आणून दिली. लोक चांगले आहेत, काही म्हणायले जागा नाही. पण मी जो आहे तो फक्त पभ्याले माहीत आहे. इथं सगळ्यांले मी रिटायर बाबूजी आहे.

मले त्याची आठवण येते. लिहिलं एकदाचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताप उतरला. पभ्याले सरळ मेसेज लिहायले बसलो. "अपने म्हणजे कोणाचे?" असं लिहिलं. मग वाचून पाहिलं. हे वाचून तो काय समजन? म्हातारा सटकला. त्याची सून वाचन, नितीन वाचन, नितीन फोन करन, "अंकल, तबियत ठीक है ना?" पुसून टाकलं. "जेवलं का?" असं लिहिलं. तेही पुसलं.

राग त्याच्यावर नाही, स्वतःवर नाही. नमस्तेवर आहे. जयभीम म्हटलं असतं तर त्याचं काय जात होतं? पंधरा मजल्यांच्या सोसायटीत राहते, शेजारीपाजारी बसत असतील, सुनेच्या मैत्रिणी असतील. समजते मले. नितीननं दारावरच्या पाटीवर आडनावच लावलं नाही, हे पभ्यानंच सांगितलं होतं जायच्या आधी, हसत हसत. तेव्हा मीही हसलो होतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा शोरूम. रविवार होता, काय करणार. पोरानं ओळखलं, चहा मागवला.

अक्रोडी जोडी बाजूलेच ठेवली होती, माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून. आज सतारीची सीडी नेली होती. आलाप सुरू झाला अन् तार ओढून काढलेली एक मींड अशी आली, अशी आली की मी उजवीकडं वळून म्हटलं, "ऐकलं का बे?"

उजवीकडं सोफा रिकामा. पोरगा काउंटरवरून धावत आला, "जी सर? कुछ कहा?"

म्हटलं, नहीं, अच्छा है. कान तापले लाजेनं. पण मले हेही समजलं की स्पीकर कितीही चांगले असोत, मींड आली की मी उजवीकडं वळणारच. ते काही बदलून मिळत नाही.

अन् तरी हवे आहेत. दोन्ही खरं आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रीतीनं परस्पर शोरूमले फोन केला म्हणे, घरपोच देतात का विचारायले. अन् मले सांगून राहिली की जुने मोडीत देऊन टाकू, तिच्या ओळखीचा आहे. म्हटलं खबरदार.

"काका, एक तो चलता भी नहीं है!"

"चालत नाही म्हणून काय झालं? मीही तर आता काय चालतो?"

मग हळूच मराठीत म्हणाली, "असं नका ना बोलू, काका." पोट्टीची मराठी इतकी गोड आहे अन् ती ठेवून देते, सणाच्या साडीसारखी. मले एकदम भरून आलं. फोन ठेवून उजव्याची जाळी पुसली.

२३ फेब्रुवारी, रविवार

पभ्याचा फोन आला!

सकाळी, मी भाजी चिरत होतो. "जयभीम बे सुध्या!" दणदणीत. मागं टीव्ही नाही, पाखरं ओरडून राहिली.

"कुठून बोलून राहिला?"

"बागेतून. सोसायटीच्या खाली. सून माहेरी गेली, नितीन झोपला आहे. म्हटलं चला, तोंडाले आलेला गंज काढू."

अन् मग जो सुरू झाला! थंडीले शिव्या, लिफ्टले शिव्या, बागेतल्या म्हाताऱ्यांले शिव्या. ते सगळे रोज एका झाडाखाली उभे राहून जोरजोरात खोटं हसतात म्हणे, तब्येतीसाठी. "अबे, मले खरं हसू येते तर ते म्हणतात, ऐसे नहीं अंकल, पेट से." मी चाकू बाजूले ठेवून हसलो. पोटातून हसलो. भेंडीचं काय झालं असन, नाही पाहिलं.

तो थांबला तेव्हा विचारूनच टाकलं. म्हटलं आता नाही तर कधीच नाही.

"पभ्या, त्या दिवशी तू म्हटलं, अपने स्पीकर बदल डाल. अपने म्हणजे कोणाचे? आपले की माझे?"

"कधी म्हटलं मी?"

"म्हटलं ना. फोनवर. हिंदीत."

"हिंदीत?" मग तो हसला, नाकातून. "अबे येडपट! मी हिंदीत बोललो म्हणजे घरच्यांसाठी बोललो. तुले नाही बोललो. समोर सून उभी होती. हिंदीतलं कायले मनावर घेतं तू?"

सांगू? अंगावरून मणाचं ओझं उतरलं. महिनाभर व्याकरण करत बसलो, साहूभैयांले चष्मा पुसायले लावला, अन् ते वाक्य मले नव्हतंच! असा राग आला अन् असा आनंद झाला.

मी म्हटलं, "बरं. मग मराठीत सांग. मराठीत तुझं काय म्हणणं आहे? बदलू का नाही?"

पाखरं तेवढी ओरडून राहिली. श्वासाचा आवाज आला त्याच्या. मले वाटलं फोन कटला.

"सुध्या," असं म्हटला. अगदी हळू. मग, "हे पाहाय..."

अन् तेवढ्यात कोणी तरी आलं. बाईचा आवाज, गुड मॉर्निंग अंकल. अन् याचा आवाज बदलला, एकदम वर गेला, मोकळा, हसरा, नोएडाचा. "हां हां, गुड मॉर्निंग बेटा! बस ऐसे ही, पुराने दोस्त से." मग मले, "चल यार, ठीक है फिर, रखता हूँ. ख्याल रखना."

वाट पाहिली. त्यानं पुन्हा केला नाही. मी केला तर वाजून वाजून बंद झाला. नितीन उठला असन.

"हे पाहाय" च्या पुढं काय होतं? "हे पाहाय, मी काही आता येत नाही." की "हे पाहाय, माझ्या उजव्याले हात लावशील तर."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवसांत फोन नाही. सून आली असन माहेराहून. बागेत एकटा जात असन का, कोणी सोबत असते का, काय माहीत. मीही केला नाही. करीन तर तो उचलन, अन् नमस्ते म्हणन, अन् त्याच्या पुढचं सगळं घरच्यांसाठी असन.

दुपारी शोरूमच्या पोराचा फोन आला. "सर, महीना ख़त्म हो रहा है. आपकी जोड़ी कब भिजवा दूँ?"

"भिजवा दो," म्हटलं. "जब गाड़ी ख़ाली हो."

"पक्का ना सर?"

"पक्का."

हिंदीत म्हटलं. मराठीत मी अजून काहीच ठरवलं नाही.